कॉर्सेट नक्की कोणी उतरवला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून माझंही उत्तर लांबतंय. इतरांसाठी आधी संदर्भ देते. रशियन बॅलेच्या वेषभूषेवरच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: 'पॅरिसच्या बायकांचा कॉर्सेट दिआगिलेवच्या मंडळींनी उतरवला.' कॉर्सेट म्हणजे छाती-कंबर आवळून धरणारं आतलं वस्त्र, दिआगिलेव म्हणजे ती रशियन बॅले मंडळी चालवणारा. तुमचं म्हणणं असं की हे साफ चूक आहे. ते काम पॅरिसचा फॅशनवाला पॉल प्वारे याने 1906 मध्येच उरकलं होतं आणि दिआगिलेवचा बॅले पॅरिसला आला 1909 मध्ये. शिवाय ज्या 'पौर्वात्य' पोशाखांवर मी भाळले ते निव्वळ सोंग होतं आणि भारतीय असून ते मला खटकलं नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं.

पहिल्या मुद्द्यावर माझी हार. ते वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते, तिथेच शंका यायला हवी होती. प्वारेने स्वतःचं दुकान 1903 मध्ये थाटलं. 1908 मध्ये चित्रकार पॉल इरीबकडून त्याने आपल्या कपड्यांचा चित्रसंग्रह करून घेतला. त्यातल्या बायकांच्या अंगावर छातीखालून सरळ पडणारे झगे आहेत, रंग ठसठशीत आहेत, डोक्याला कापडंही गुंडाळलेली आहेत. दिआगिलेवचा पहिला जाहीर प्रयोग शातले थिएटरात झाला तो 19 मे 1909 रोजी. पुढे आत्मचरित्रात प्वारेने हेच ठणकावून सांगितलं आहे: बॅलेने आपण भारावलो, पण बॅलेचे पडदे-पोशाख करणाऱ्या बाक्स्तचं नाव होण्याच्या कितीतरी आधी आपलं नाव झालेलं होतं.

आता थोडी तुमचीही शिवण उसवते. 1906 मध्ये कॉर्सेट गेला नाही, तो खाली सरकला. सरळ झग्यात कंबरेखालचा फुगवटा दिसून चालत नव्हता, म्हणून पुढच्या वर्षांतले कॉर्सेट वरून आखूड आणि खालून पार मांडीपर्यंत लांब झाले. खुर्चीत बसायची पंचाईत. त्यात 1910च्या सुमाराला पायांशी आवळलेला तंग स्कर्ट आला, त्यात गाडीची पायरी चढणं म्हणजे कसरतच. छाती मोकळी केली आणि पाय जखडले, अशी कबुली प्वारेनेच देऊन ठेवली आहे. त्यामुळे सगळं श्रेय त्याच्याही पदरात टाकू नका.

मग बॅलेचं काय? रंग आणि धीटपणा, असं मी म्हणेन. 4 जून 1910, पॅरिस ऑपेरा, 'शेहेराझाद' हा बॅले. बाक्स्तने पाचूसारखा हिरवा पडदा टांगला, त्याला निळा भिडवला आणि खाली तांबडं-केशरी पसरलं. ज्या शहरात उंची कपडा म्हणजे फिका जांभळा नाहीतर विटका गुलाबी, तिथे हे असं. त्यात नर्तकी इदा रुबिनस्टाइन आणि नर्तक निजिन्स्की, जनानखान्यातल्या बायका सलवारीत. प्वारेच्या 1908च्या संग्रहात सलवार नाही, 1911च्या संग्रहात आहे. त्याच वर्षी 24 जूनला त्याने 'एक हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली, तीनशे पाहुणे. साध्या कपड्यात येणाऱ्याला दारातच त्याने बेतलेला इराणी थाटाचा पोशाख चढवायला लावायचे, नाहीतर परत जा. झग्याची बेतणी त्याचीच होती, मान्य. पण पोशाख केल्याशिवाय आत यायचं नाही हे रंगमंचाचं वेड त्याच्या घरात कुठून शिरलं?

तुमच्या हिशेबात एक गोष्ट बसतच नाही. अंग मोकळं करण्याचा प्रश्न फक्त बायकांचा नव्हता. 1911च्या सुरुवातीला पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात 'जिझेल' या बॅलेत निजिन्स्की चित्रकार बेनुआने आखलेला आखूड डगला आणि टाइट्स घालून उतरला. पुरुष नर्तकाने टाइट्सवर फुगीर चड्डी घालायची असा तिथला रिवाज होता, ती त्याने घातली नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. कायमचा दिआगिलेवकडे आला तो त्यानंतर.

माझ्या भाळण्याबद्दल. मी एकांकिकांसाठी कपडे शिवते, त्यामुळे पोशाख दिसला की आधी तो उलटा करून बघावासा वाटतो. 2010 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या मंडळींचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे 1913च्या 'वसंताच्या विधी' या बॅलेसाठी चित्रकार रेरिखने आखलेले अंगरखे काचेआड होते. उलटून बघणं शक्य नव्हतं, पण काचेला नाक लावून बघितलं. जाड लोकरीचं फ्लॅनेल, ब्लँकेटला शोभेल असं. लांबून जे विणलेलं किंवा भरलेलं वाटावं, ते जवळून बघितलं तर रंगाने उठवलेले गोल आणि चौकोन. हे घालून त्या पोरी उड्या मारत होत्या! मला एकदम आमची मांजरपाटावर पोस्टर कलर फासून केलेली राजवस्त्रं आठवली. पाचव्या रांगेतून झकास, विंगेतून बघवत नाहीत. फॅशनचं दुकान आणि रंगमंच यांतला फरक मला तिथे कळला. प्वारेचं गिऱ्हाईक हातभर अंतरावरून बघणार, त्याला टाका लपवावा लागतो. बाक्स्त-रेरिखना अंतरावरच्या डोळ्यासाठी कापड नाचवायचं होतं.

आता सोंगाबद्दल. ते मला खटकतं, लेखात लिहायचं राहिलं ही चूक माझीच. नमुना हवा तर त्यांचा 'निळा देव' हा बॅले घ्या, 13 मे 1912. कथा कोक्तो आणि माद्राझो यांची, संगीत रेनाल्दो हानचं. देव निळा, हातात बासरी, म्हणजे कोण ते आपल्याला सांगायला नको. पण पोशाखाची ढब सयामी, म्हणजे आजच्या थायलंडची, दरबारी नर्तकांची. ते नर्तक 1900 मध्ये पीटर्सबर्गला येऊन गेले होते. आपला देव असा चुकीच्या पत्त्यावर उतरला. प्रयोगही फारसा चालला नाही.

गंमत अशी की या बाबतीत तुमचा प्वारे जास्त प्रामाणिक निघतो. त्याच लंडनच्या संग्रहालयात त्याने भारतीय फेटे-पगड्या बघितल्या, परवानगी काढून त्या हाताळल्या, पॅरिसहून आपल्या टोप्या करणाऱ्या बाईला बोलावून घेतलं. तिने आठवडाभर बसून त्यांच्या नकला केल्या आणि थोड्याच आठवड्यांत पॅरिसच्या बायका फेट्यात. फेटा बांधणाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नाही.

अस्सल भारतीय हात लागायला 1923 उजाडलं. रशियन नर्तकी आना पावलोवा आदल्या वर्षी भारताच्या दौऱ्यावर निघाली होती. परतल्यावर तिने लंडनमध्ये तेव्हा चित्रकला शिकत असलेल्या उदय शंकरला बरोबर घेऊन कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात 'राधा-कृष्ण' आणि 'हिंदू विवाह' बसवले. ते पोशाख लंडनच्या प्रेक्षकाला कितपत खरे वाटले असतील कोण जाणे. निळ्या देवाची सवय झालेली ना.

मूळ लेखातलं ते वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारली आहे आणि खाली तुमची हरकत जोडली आहे. 'शेहेराझाद'चा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवला आहे. त्यावर भांडायचं असेल तर या.