‘ब्लेंडरमधले बग दडपले जातात’ म्हणणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

‘ब्लेंडर हे त्रिमितीय आकृत्या आणि चित्रे बनवण्याचे फुकटचे सॉफ्टवेअर बगनी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांनी, भरलेले आहे, विकसक त्या बगना मर्यादा असे गोंडस नाव देऊन तक्रारी गुंडाळतात, तेव्हा व्यावसायिक कामासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका’ अशा आशयाचा एक लांबलचक संदेश सध्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. पुण्यात वास्तुकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो वाचून हातातला प्रकल्प अर्धवट सोडला आणि महागड्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी घरी पैसे मागितले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशातला पहिला आणि सर्वांत ठासून मांडलेला मुद्दा असा : सर्वेक्षणाच्या नकाशावरून काढलेली इमारत ब्लेंडरमध्ये आणली की भिंती वेड्यावाकड्या होतात आणि खिडक्यांच्या चौकटी नाहीशा होतात, आणि एवढा ढोबळ बग वर्षानुवर्षे तसाच आहे. हा मुद्दा लिहिणाऱ्याने आपल्या फाइलमधले आकडे एकदाही उघडून पाहिलेले दिसत नाहीत. अशा नकाशांत बहुधा यूटीएम निर्देशांक, म्हणजे जमिनीवरच्या जागेचे स्थान मीटरमध्ये सांगणारे आकडे, असतात आणि त्यातला उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजलेला असतो. पुण्यासाठी तो साधारण २० लाख ४८ हजार येतो. ब्लेंडर प्रत्येक बिंदूचा निर्देशांक ३२ बिटांच्या अपूर्णांकी संख्येत साठवतो आणि अशा संख्येत अचूकता २४ बिटांचीच मिळते. त्यामुळे १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या टप्प्यात साठवता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांमध्ये साडेबारा सेंटिमीटरचे अंतर पडते. पाच सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीच्या दोन्ही कडा मग एकतर एकाच संख्येवर जाऊन बसतात, नाहीतर एकमेकींपासून साडेबारा सेंटिमीटर दूर फेकल्या जातात. अंधेरीची इमारत असेल तर आकडा २०,९७,१५२ च्या पुढे जातो आणि हेच अंतर पंचवीस सेंटिमीटर होते. तीच इमारत आरंभबिंदूपासून, म्हणजे जिथे सगळे निर्देशांक शून्य असतात त्या जागेपासून, शंभर मीटरच्या आत आणून ठेवली, तर अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी उरते. म्हणजे उपाय एवढाच, की फाइल ब्लेंडरमध्ये आणण्यापूर्वी पूर्वेकडच्या सगळ्या आकड्यांतून एक आणि उत्तरेकडच्या सगळ्या आकड्यांतून एक अशी ठरावीक संख्या वजा करावी आणि त्या दोन्ही संख्या कुठेतरी नोंदवून ठेवाव्यात. संगणकाने इथे ठरल्याप्रमाणेच काम केलेले आहे. त्याला चुकीचे म्हणायचे, तर बरोबर उत्तर त्या २४ बिटांत कसे मावले असते तेही सांगावे लागेल.

‘पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असले प्रकार नसतात’ हे संदेशातले पुढचे वाक्य तर धादांत खोटे आहे. ऑटोडेस्क कंपनी रेव्हिट या आपल्या इमारत-आराखड्यांच्या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांना स्वतःच सांगते, की इमारतीची भूमिती अंतर्गत आरंभबिंदूपासून दहा मैलांच्या, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरच्या आत ठेवा, नाहीतर अचूकता आणि दृश्य दोन्ही बिघडतील. फोटोशॉपची पीएसडी फाइल कोणत्याही बाजूने ३०,००० पिक्सेलांपलीकडे जात नाही आणि अडोबीने तेही छापून ठेवले आहे. या कंपन्या बग दडपतात असे त्यावरून कोणी म्हणत नाही.

आरशात मागच्या वस्तू दिसत नाहीत आणि काही पृष्ठभाग लुकलुकतात, हे संदेशातले पुढचे दोन मुद्दे थोडक्यात आटोपतो. ईव्ही हे ब्लेंडरमधले रेंडर इंजिन (आकृतीवरून अंतिम चित्र तयार करणारा भाग) पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातूनच प्रतिबिंब घडवते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागची खुर्ची त्याच्या आरशात आपोआप येत नाही. त्यासाठी प्रोब (आजूबाजूचे दृश्य टिपणाऱ्या खुणा) ठेवावे लागतात किंवा सायकल्स हे ब्लेंडरमधलेच दुसरे रेंडर इंजिन वापरावे लागते. ब्लेंडरच्या मार्गदर्शिकेत ईव्हीच्या मर्यादांचे स्वतंत्र पान आहे आणि संदेशातल्या या तक्रारीचे उत्तर तिथे मिळते. एकाच जागी दोन पृष्ठभाग ठेवले की कोणता पुढे, हे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या मोजणीला ठरवता येत नाही आणि दोन्ही आलटून पालटून दिसतात. त्यातला एक काढून टाकावा किंवा किंचित सरकवावा. पृष्ठभाग एकाच जागी नसून नुसते अगदी जवळजवळ असतील आणि तरीही लुकलुकत असतील, तर दृश्याची जवळची कापमर्यादा (ज्या अंतराच्या अलीकडचे काही दाखवले जात नाही ते अंतर) थोडी वाढवावी.

‘नोन इश्यू’ असा शिक्का मारून तक्रार बंद करतात, हा आरोप शिक्क्याचा अर्थच उलटा करतो. दोष खरा आहे, तो आम्हांला मान्य आहे, पण नजीकच्या काळात दुरुस्त होणार नाही, असे त्यातून सांगितलेले असते आणि अशा नोंदी सहसा उघड्याच ठेवल्या जातात. दडपायचेच असते तर नोंद सगळ्यांना दिसेल अशी कशाला ठेवली असती?

संदेशाच्या शेवटी दिलेला सल्ला मात्र घातक आहे : ‘सगळ्यांनी मिळून तीच तक्रार शंभर वेळा नोंदवा, मग ते ताळ्यावर येतील.’ आलेली प्रत्येक नोंद कोणीतरी माणूस उघडतो, फाइल उतरवून घेतो, दिलेल्या पायऱ्या करून पाहतो. आरशाच्या शंभर तक्रारींखाली एखाद्याची फाइल खरोखर नासवणारा बग गाडला गेला, तर नुकसान विद्यार्थ्यांचेच होईल, कारण दुसरे सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत त्यांच्यातल्या अनेकांकडे नसते.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मर्यादा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ईव्हीमध्ये पृष्ठभागाला खरे उंचवटे देणारे डिस्प्लेसमेंट अनेक वर्षे नव्हते, विचारणाऱ्याला ती मर्यादा असल्याचे सांगितले जाई, आणि २०२४ च्या ४.२ आवृत्तीत ईव्ही नव्याने लिहिल्यावर ते आले. तेव्हा विकसकांनी ‘मर्यादा’ म्हटले की विषय संपला, असे नाही. मात्र अशी मागणी ही नव्या सोयीची मागणी असते आणि ती बग म्हणून नोंदवून पुढे सरकत नाही.

संदेशातला एकच दावा खरा बग असू शकतो : एक विशिष्ट मॉडिफायर (आकृतीत आपोआप बदल करणारी सोय) लावताच ब्लेंडर बंद पडते. प्रोग्राम कोसळणे, मार्गदर्शिकेत लिहिल्याच्या विरुद्ध वागणे, किंवा मागच्या आवृत्तीत नीट चालणारी फाइल नव्या आवृत्तीत विनाकारण बिघडणे, यांना मर्यादेची ढाल चालत नाही. पण संदेशात आवृत्तीचा क्रमांक नाही, ग्राफिक्स कार्डाचे नाव नाही, मूळ सेटिंग्जवर परत जाऊन पाहिले का याचा उल्लेख नाही आणि फाइलही नाही. ब्लेंडरच्या ‘हेल्प’ मेनूतून बग नोंदवायला गेले की आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डाची माहिती आपोआप भरली जाते. संदेश लिहिणाऱ्याने तिथे कोसळणारी फाइल जोडून नेमक्या पायऱ्या लिहाव्यात, म्हणजे त्या एका मुद्द्याची तरी तपासणी होईल.