जागल्यावर जागल्या

अभ्यासिकेतला म्हातारा कॉम्प्युटर सुधारला, आणि श्रेय परवा मिळालं नव्या स्टॅबिलायझरला. तो बसवणाऱ्याला चहा-पोहे. मला शेरा: ‘तुमी तं नुस्तं काया स्क्रीनवर टायपत व्हते.’ हरकत नाही. (आहे.)

काम डेबियन या लिनक्सवरचं सिस्टिमडी हटवून रनिट बसवायचं. दोन्ही इनिट, म्हणजे मशीन सुरू होताच आधी उठून बाकीच्या सेवा (मागे चालणारे प्रोग्राम) उठवणारे. रनिट-इनिट हे पॅकेज टाकताना सिस्टिमडी-सिसव्ही, म्हणजे सिस्टिमडीला इनिट म्हणून नेमणारं पॅकेज, निघतं. मूळ सिस्टिमडी पॅकेज मात्र लगेच पुसू नये. नवं उठलंच नाही, तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा मेनू) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीला ‘इनिट=’ लावून जुन्याचा पत्ता देता येतो. गेटीची, म्हणजे लॉगिन विचारणारी, सेवा जोडलेली आहे ना, हेही आधीच पाहावं. नाहीतर मशीन चालू आणि लॉगिनला जागा नाही.

हे चाललं असताना काकाजी शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. पेपर वाचायला आले होते, पण पेपर दुसऱ्याच्या हातात होता.

“का करून रायला?”

मी म्हटलं, काकाजी, वावरात जागल असते ना, तसं. प्रत्येक सेवेवर एक जागल्या. त्याचं नाव रनएसव्ही. सेवा मेली की तो पुन्हा उठवतो.

“अन् जागल्याच मेला तं?”

त्याच्यावर रनएसव्हीडिर. तो दर 5 सेकंदांनी सारी वावरं पाहतो. नवं वावर दिसलं की तिथे जागल्या नेमतो, मेलेल्याच्या जागी दुसरा उभा करतो.

“अन् थो मेला तं?”

त्याच्यावर खुद्द रनिट, प्रोसेस क्रमांक 1.

“अन् थो?”

मग कर्नल पॅनिक. सारं गाव बंद.

काकाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “अन् गडी हजेरी लावून मांगच्या वाटेनं सटकला तं?”

रनिट बसवणारे बरेच जण इथेच आपटतात, आणि काकाजींनी ते पेपर न वाचता ओळखलं. अनेक सेवा सुरू झाल्या की स्वतःला पार्श्वभूमीत ढकलतात. जागल्याला वाटतं, मेली. तो सेकंदाभराने दुसरी उभी करतो, तिला पोर्ट (जोडणीचं दार) आधीच अडलेलं सापडतं, ती मरते, तो तिसरी उभी करतो. म्हणून सेवेला समोरच राहायला सांगावं लागतं: एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘डीमन ऑफ’, दुरून लॉगिन देणाऱ्या एसएसएचडीला ‘-डी’, तोही मोठ्या लिपीतला. रन फाइल म्हणजे सेवा कशी उठवायची ते लिहिलेली छोटी फाइल. तिच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ हवंच. नाहीतर ‘एसव्ही डाउन’ (सेवा थांबव) म्हटल्यावर मरते ती फाइल चालवणारी मधली शेल, सेवा मोकाट. फाइलीला एक्झिक्युट परवानगी नसेल तर सेवा उठतच नाही. लॉगसाठी ‘एक्झेक 2>&1’ विसरलात तर चुकांचे संदेश नोंदी लिहिणाऱ्या एसव्हीलॉगडीपर्यंत पोचतच नाहीत.

आधी डेटाबेस, मग सर्व्हर, असा क्रम रनिटला कळत नाही. सर्व्हरच्या रन फाइलीतच ‘एसव्ही स्टार्ट’ने डेटाबेस उठवायचा आणि जमलं नाही तर ‘एक्झिट 1’. ‘एसव्ही स्टार्ट’ 7 सेकंद वाट पाहतं, तेवढ्यात नाही उठला तर पुढच्या फेरीला. गावंढळ, पण चालतं.

खरं सांगायचं तर मेलेलं उठवणं सिस्टिमडीलाही येतं; सेवेच्या युनिट फाइलीत ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ लिहिलं की झालं. आणि रनिटने वाचवलेली मेमरी ब्राउझरचा एक टॅब खाऊन टाकतो. मला हवं होतं ते इतकंच, की उद्या मी नसलो तर गावातल्या पोरानं चार ओळींची फाइल उघडून काय चाललंय ते वाचावं. पोरं येतात, विचारतात, ‘विंडोज टाकू का?’ आणि जातात. नीट चालणारी गोष्ट दिसत नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही. बंद पडली की मात्र सरपंचापासून सगळ्यांना माझा नंबर पाठ.

शेवटी काकाजींना करून दाखवलं. ‘किल -9’ने सर्व्हर मारला, ‘एसव्ही स्टेटस’ विचारलं: प्रोसेस क्रमांक नवा, वय 1 सेकंद.

“मेलेलं उठते!” काकाजींनी खिशातून मोबाईल काढला. “हे यात बसून दे.”

म्हटलं, काकाजी, अँड्रॉइडचं इनिट स्वतःचं असतं, ते असं काढता येत नाही.

“मंग शिकले काय तुमी?”