नोव्हेना हवी, आणि दारातला भुकेलाही

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या वस्तीत, सध्या वाद पेटलाय. ईस्टरनंतरच्या रविवारी दैवी दयेचा सण आणि त्याआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, थाटामाटात व्हावी, असं ज्येष्ठांचं म्हणणं. मंडप, फुलं, मेणबत्त्यांचे पैसे आजाऱ्यांच्या औषधपाण्याला द्या, असं तरुणांचं. एकीकडून ‘तुमची श्रद्धाच उडाली’, दुसरीकडून ‘हा नुसता नवसाचा बाजार’. नोकरीमुळे मी पोलंडमधल्या क्राकोवला राहतो. या भक्तीचं मुख्य केंद्र इथेच, म्हणून गप्प बसवत नाही.

ही भक्ती जिच्यापासून सुरू झाली ती संत फाउस्तिना इथल्याच वागिएव्निकीच्या मठात १९३८ साली क्षयाने वारली, अवघ्या ३३व्या वर्षी. शेतकऱ्याच्या दहा मुलांतली ती तिसरी. शाळा जेमतेम तीन वर्षं, मग लोकांच्या घरची कामं. सिस्टर झाल्यावरही वाट्याला आलं ते स्वयंपाकघर, बाग आणि फाटक. १९३१ मध्ये प्वोत्स्क गावी तिला येशूचं दर्शन झालं. हृदयापासून निघालेले दोन किरण, एक लाल, एक फिकट. त्या रूपाचं चित्र काढायला आणि त्याखाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ ही ओळ लिहायला त्याने सांगितलं.

मठाच्या छोट्या चॅपेलात दुपारी तीनला जपमाळ होते. कामाच्या कपड्यातली माणसं येतात, बाजाराच्या पिशव्या बाजूला ठेवून थेट फरशीवर गुडघे टेकतात. वेदीजवळचं चित्र ज्याने काढलं, त्या आदोल्फ हिवाने मठाला आधी दिलेलं चित्रही नवसाचंच होतं. युद्धात कुटुंब वाचलं म्हणून त्याने ते दिलं. त्या फरशीवरच्या माणसाला अडाणी म्हणणं मला कधीच जमणार नाही. आणि आपल्या तरुणांनी एक तरी पाहावं. फाउस्तिनाच्या दैनंदिनीतल्या नोव्हेनात स्वतःसाठी मागणं नाहीच. रोज दुसऱ्या कुणाला तरी देवाच्या दयेपाशी न्यायचं. पहिल्या दिवशी पापी, सहाव्या दिवशी लहान मुलं, शेवटच्या दिवशी श्रद्धा थंडावलेले. यात बाजार कुठे आला?

पण ज्येष्ठांनाही सांगायचंय. प्रश्न विचारला म्हणून श्रद्धा उडत नाही. खुद्द रोमने १९५९ मध्ये या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली होती. क्राकोवचे आर्चबिशप वोयतिवा यांनी १९६५ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली आणि १९७८ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले आणि २००० साली त्यांनीच फाउस्तिनाला संतपद दिलं. ख्रिस्तसभेने एवढी वर्षं तपासून पाहिलं, मग आपल्या पोरांनी दोन प्रश्न विचारले तर बिघडलं कुठे?

शिवाय तीच दैनंदिनी बजावते की दया कृतीने, शब्दाने आणि प्रार्थनेने करायची. त्यात फाटकावरचा एक प्रसंग आहे. थंडी-पावसात एक अनवाणी, फाटक्या कपड्यांतला तरुण काहीतरी गरम खायला मागतो. स्वयंपाकघरात गरिबांसाठी काही उरलेलं नसतं. ती शोधाशोध करून थोडं सूप मिळवते, गरम करते, त्यात पाव कुस्करून देते. रिकामा मग परत घेताना तिला कळतं, हा तर प्रभू.

पोलंडला हे नेहमी जमतं असं नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या निर्वासितांसाठी इथल्या लोकांनी घरं उघडली. बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलातून मात्र माणसं परत ढकलली गेली. तसबीर घरोघर तीच. दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता, हे इथे कुणी काढलं की ऊर भरून येतो.

म्हणून माझं मत असं. नोव्हेना होऊ द्या, मंडप लहान करा. प्रार्थना संपल्यावर रोज दोघा-तिघांनी धर्मग्रामातल्या एका आजाऱ्याच्या घरी जावं, तो कॅथलिक असो वा नसो. वाचलेले पैसे तिथेच लागतील. आणि वाद घालणाऱ्या तरुणांनीही दुपारी तीनला एकदा येऊन बसावं, ज्येष्ठांच्या शेजारी, त्याच बाकावर.