जुलैतला गारवा आणि सूर्याचे अंतर

जून संपत आला की एक संदेश दरवर्षी न चुकता मोबाइलवर येऊन थडकतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘अल्फेलियन’ नावाची घटना सुरू होते, एरवी ९ कोटी किलोमीटरवर असणारा सूर्य १५.२ कोटी किलोमीटरवर, म्हणजे ६६ टक्के अधिक दूर जातो, त्यामुळे २२ ऑगस्टपर्यंत पूर्वी कधी नव्हती इतकी थंडी पडते आणि सर्दी, खोकला, अंगदुखी बळावते, असा त्यातला मजकूर. बाहेर पावसाची झड लागलेली असते, अंगावर शाल असते, तेव्हा वाचणाऱ्याला तो पटतोही.

आधी आकडे पाहू. घटना खरी आहे. तिला मराठीत अपसूर्य म्हणतात. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उपसूर्य स्थितीत, ती सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. म्हणजे फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा, आणि तोही सहा महिन्यांत हळूहळू पडणारा. संदेशातले १५.२ कोटी बरोबर आहेत. ९ कोटी मात्र अशक्य आहेत, कारण शुक्रसुद्धा सूर्यापासून सुमारे १०.८ कोटी किलोमीटरवर आहे. सरासरी अंतर सुमारे ९.३ कोटी मैल भरते. कुणीतरी मैलांनाच किलोमीटर समजले असावे. शिवाय अपसूर्य हा कक्षेवरचा एक बिंदू आहे, सात आठवड्यांचा हंगाम नव्हे. तो ओलांडला की दुसऱ्या दिवसापासून अंतर कमीच होऊ लागते.

अंतराचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारीच्या तुलनेत जुलैत पृथ्वीला सुमारे सात टक्के कमी सूर्यऊर्जा मिळते. पण अंतराने थंडी ठरत असती, तर साऱ्या पृथ्वीवर ती एकदमच पडली असती. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत ५६.७ अंश सेल्सिअस या जागतिक उच्चांकाची नोंद झाली ती १० जुलै १९१३ रोजी, आणि अंटार्क्टिकातील व्होस्टोक केंद्रावर उणे ८९.२ अंशांची नोंद झाली ती २१ जुलै १९८३ रोजी. महिना तोच आणि सूर्याचे अंतरही जवळपास तेच. हा फरक पडतो तो पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि अंटार्क्टिकावर ध्रुवीय रात्र असते. त्यातही गंमत अशी, की संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान वर्षभरात सर्वाधिक असते ते जुलैतच, कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते.

मग आपल्याकडे जुलैत गारवा कशाने येतो? पुण्यात तर जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यानंतरचा हा वर्षातला दुसरा शून्य सावली दिवस, आणि तो संदेशातल्या तथाकथित थंडीच्या ऐन मध्यावर पडतो. सावली नाहीशी झालेली पाहायला मिळत नाही ती ढगांमुळे, आणि गारव्याचे कारणही तेच. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि ढगांचे जाड छप्पर तयार होते. ते ऊन परतवून लावते, आणि जे ऊन खाली पोहोचते त्यातली बरीच उष्णता ओल्या जमिनीतले पाणी वाफ होण्यातच खर्ची पडते. नागपुरात मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे जाणारे दिवसाचे सरासरी कमाल तापमान जुलैत बत्तीसच्या आसपास उतरते ते यामुळे. एकट्या सातारा जिल्ह्यात पाहा: सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात तोच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सूर्य या दोन्ही गावशिवारांपासून सारखाच दूर आहे. फरक उंचीचा आणि डोंगराच्या बाजूचा आहे.

आजारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पावसाळ्यात विषाणूंचा फैलाव, दूषित पाणी आणि साचलेल्या डबक्यांतले डास ही तापाची ओळखीची कारणे आहेत. त्यांच्यासाठी कक्षेचा आधार घ्यावा लागत नाही. ‘पूर्वी कधी नव्हती’ हे विधान तर संदेश दरवर्षी नव्याने फिरतो यातच निकालात निघते.

उरली २२ ऑगस्ट ही तारीख. त्या दिवशी आकाशात असे काहीही घडत नाही, ज्याने गारवा संपावा. तो संपतो मोसमी वारे माघारी फिरून आभाळ मोकळे झाले की. तोवर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेला असतो, आपल्याकडचे दिवस लहान होऊ लागलेले असतात, आणि तरीही ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो.