‘टाइप लावला की व्हॅलिडेशन नको’ या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. एका कंपनीत बॅकएंडच्या (सर्व्हरवरच्या कोडच्या) कामाला लागून तिला आठ महिने झालेत. म्हणाली, “दादा, आज सात एपीआयमधून झॉड काढून टाकलं. कोड निम्मा झाला. लीडलाही पटलं.” झॉड म्हणजे बाहेरून आलेला डेटा अपेक्षेप्रमाणे आहे का ते तपासणारी, म्हणजे व्हॅलिडेशन करणारी, लायब्ररी; एपीआय म्हणजे सर्व्हरवरची ती जागा जिथे अ‍ॅप रिक्वेस्ट पाठवतं. कशावरून काढलं, विचारलं तर तिने एक फॉरवर्ड पाठवला. हाच फॉरवर्ड त्याआधी माझ्या दोन ग्रुपवर फिरून गेला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता घरातच आलाय, तर उत्तर देतो.

त्यात पाच गोष्टी म्हटल्यात. टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप लिहायची सोय असलेली जावास्क्रिप्ट) रिक्वेस्टच्या बॉडीला, म्हणजे तिच्यासोबत आलेल्या डेटाला, इंटरफेस (कुठल्या फील्डमध्ये कुठल्या प्रकारचा डेटा, याचं वर्णन) लावला की चुकीचा डेटा आत येऊच शकत नाही. रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, तपासत बसलं की सर्व्हर मंद होतो. फ्रंटएंडने (वापरणाऱ्यासमोरच्या वेबपेजने किंवा अ‍ॅपने) तपासलेलं पुन्हा तपासणं म्हणजे दुप्पट मजुरी. क्वेरीतला (रिक्वेस्टच्या पत्त्यात जोडलेला) आकडा ‘नंबर’ने आणि हो-नाही ‘बूलियन’ने बदलून घेतलं की झालं. आणि शेवटी, फास्टएपीआय (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि रस्ट भाषावालेही नुसता टाइपच लिहितात, मग आपणच का राबायचं?

पहिल्या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण त्यामुळे लोकांची खाती जातात.

टाइपस्क्रिप्टचा कंपायलर (कोडची जावास्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) टाइप तपासतो आणि पुसून टाकतो. खात्री करायची असेल तर बिल्ड करा, तयार झालेली जावास्क्रिप्टची फाइल उघडा आणि त्यात तुमच्या इंटरफेसचं नाव शोधा. सापडणार नाही. सर्व्हरवर जे चालतं त्यात तो इंटरफेस नाहीच, तर रिक्वेस्ट अडवणार कोण? बॉडीपुढे ‘अ‍ॅज अमुकतमुक’ लिहिलं म्हणजे आपण कंपायलरला सांगतो, हे मी बघितलंय, तू गप्प राहा. बघितलेलं कुणीच नसतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या सर्व्हर फ्रेमवर्कच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये, रिक्वेस्टच्या बॉडीची माहिती दिलीय तिथेच इशारा आहे: बॉडीची रचना पाठवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून तिच्यातलं कुठलंही फील्ड आणि कुठलीही व्हॅल्यू तपासल्याशिवाय विश्वासाची नाही. पुढे उदाहरणही आहे. एखाद्या फील्डवर साधं ‘टूस्ट्रिंग’ (व्हॅल्यूची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करणारं फंक्शन) चालवलं तरी ते फसू शकतं: फील्डच नसेल, ते स्ट्रिंग नसेल, किंवा ‘टूस्ट्रिंग’ या नावाखाली फंक्शनऐवजी पाठवणाऱ्याने स्वतःचीच स्ट्रिंग घातलेली असेल. फ्रेमवर्क बनवणारे स्वतः हे सांगतायत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

आता यातून काय घडतं ते बघा. पासवर्ड विसरल्यावर ईमेलमध्ये टोकन, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त कोड, जातं. तो टोकन घेऊन रिक्वेस्ट येते, सर्व्हर मोंगोडीबी या डेटाबेसला विचारतो की हा टोकन असलेला वापरकर्ता दे. इंटरफेसमध्ये लिहिलंय, टोकन म्हणजे स्ट्रिंग. पण जेसॉनमध्ये (रिक्वेस्टचा डेटा ज्या स्वरूपात येतो त्यात) स्ट्रिंगच्या जागी ऑब्जेक्ट (नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांचा गठ्ठा) पाठवता येतो, आणि त्या ऑब्जेक्टमध्ये मोंगोचा ‘नॉट इक्वल’ ऑपरेटर घालून पुढे ‘नल’ (काहीच नाही) लिहिता येतं. मूळ ड्रायव्हरने (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीने) ते जसंच्या तसं डेटाबेसला विचारायच्या क्वेरीत टाकलं तर प्रश्नच बदलतो: ज्याचा टोकन रिकामा नाही असा कुणीही दे. ज्या कुणाचा पासवर्ड बदलायचा राहिलाय त्याची नोंद हातात येते. टोकन ओळखावा लागत नाही, चोरावा लागत नाही. लॉगिनला हे जमणार नाही कारण पासवर्ड हॅश केलेला (उलगडता न येणाऱ्या रूपात बदललेला) असतो, असं कुणी म्हणेल. मान्य. म्हणून तर मी रीसेटचं उदाहरण घेतलं. बहिणीने झॉड काढलेल्या सातात हा एपीआय होता.

शिवाय इंटरफेस जास्तीचं फील्डही अडवत नाही. नाव, ईमेल, फोन एवढीच अपेक्षा असताना कुणी ‘रोल: अ‍ॅडमिन’ जोडून पाठवलं आणि तुम्ही आख्खी बॉडी स्प्रेड करून (सगळी फील्ड जशीच्या तशी घेऊन) डेटाबेसमध्ये ओतली, तर तो अ‍ॅडमिन झाला. २०१२ च्या मार्चमध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर याच जातीची चूक निघाली. एका तरुणाने फॉर्ममध्ये जास्तीचं फील्ड घालून रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या खात्यात स्वतःची पब्लिक की (कोड बदलायचा हक्क मिळवून देणारी किल्ली) घुसवली आणि रेल्सच्या मूळ कोडमध्ये कमिट (कोडमधला बदल) करून दाखवला. झॉडचा ऑब्जेक्ट स्कीमा (कुठली फील्ड कशी हवीत याचं वर्णन) न सांगितलेली फील्ड आपण होऊन गाळतो. बहिणीने तोच काढला.

शेवटच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. फास्टएपीआयमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरपुढे ‘इंट’ (पूर्णांक) लिहिलं की खरंच काम होतं. रस्टच्या अ‍ॅक्सम या फ्रेमवर्कचंही तसंच. पण कसं होतं? फास्टएपीआय ते टाइप हिंट प्रोग्राम चालू असताना वाचतं आणि पायडँटिक या लायब्ररीकडून तपासून घेतं. आकड्याच्या जागी ‘एबीसी’ आलं तर तुमचं फंक्शन सुरूच होत नाही, ४२२ (‘डेटा चुकीचा’ हा एरर कोड) परत जातो. अ‍ॅक्सममध्ये जेसॉन फोडणारा कोड सर्डे ही लायब्ररी टाइपवरूनच तयार करते. जेसॉनच मोडका असेल तर ४०० (‘रिक्वेस्टच चुकीची’ हा कोड), नीट असून टाइप जुळला नाही तर ४२२. म्हणजे तिथे टाइपमागे पहारेकरी उभा आहे. लिहिणाऱ्याने फक्त पाटी पाहिली. आणि तिथेही ‘इंट’ला उणे पाच डझन आंब्यांची ऑर्डर चुकीची वाटत नाही. किमान किती, हे वेगळं लिहावंच लागतं.

‘नंबर’ने बदलून घ्या, या सल्ल्याचा मला खरा राग आला. आपल्याकडे फोनवर मराठी कीबोर्ड लावून लोक रक्कम ‘४५०’ अशी देवनागरीत टाकतात. पायथनचं ‘इंट’ त्याचे साडेचारशे करतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’) देतं, आणि एरर देत नाही. मग ‘रक्कम मर्यादेपेक्षा जास्त आहे का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’, कारण नॅन कशाहूनच मोठा नसतो. तपासणी पार! पुढे जेसॉन करताना त्याचा गुपचूप ‘नल’ होतो. रिकाम्या स्ट्रिंगचा शून्य होतो. बँकेच्या खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. खाते क्रमांक ही स्ट्रिंग आहे, त्याची बेरीज कुणी करत नाही. आणि ‘बूलियन’ला ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग दिली तर उत्तर ‘ट्रू’ येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरी. “जाहिरातीचे मेसेज नकोत” म्हणणाऱ्या माणसाला यामुळे रोज मेसेज जातील.

राहिले दोन. सर्व्हर मंद होतो म्हणे. छोटी बॉडी तपासायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात, डेटाबेसची फेरी मिलिसेकंदांत. तरी काळजी असेल तर फास्टिफाय हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क बघा, तिथे स्कीमा आधीच कंपाइल करून ठेवतात. आणि फ्रंटएंडने तपासलंय? कर्लला (कमांडवरून थेट रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाला) फ्रंटएंड नसतो. हल्लेखोर सोडा, ज्याने वर्षभर अ‍ॅप अपडेट केलेलं नाही तो साधा ग्राहकही जुन्या रचनेचीच रिक्वेस्ट पाठवतो.

टाइप एकदा आणि स्कीमा एकदा, असं दोनदा लिहायचा कंटाळा येतो ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी झॉडमध्येच सोय आहे: स्कीमा लिहा आणि टाइप त्यातून ‘इन्फर’ करून घ्या. इंटरफेस पुसा, स्कीमा ठेवा. फॉरवर्डने नेमकं उलटं करायला सांगितलं.

काल संध्याकाळी बहिणीला फोनवरच बसवून तिच्या लॅपटॉपवरच्या टेस्ट डेटाबेसमध्ये रीसेटची रिक्वेस्ट पाठवायला लावली, टोकनच्या जागी तो ऑब्जेक्ट घालून. उत्तर २०० आलं, म्हणजे सर्व्हरने ते मान्य केलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, फोन ठेवते, लीडला कॉल करायचाय.”