कोंड्याला रात्रभर तेल पाजू नका

आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरली आणि सकाळचा गारठा जाणवू लागला की नागपुरातल्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: कोंडा म्हणजे डोक्याची कोरडी पडलेली त्वचा. खोबरेल तेल कोमट करा, त्यात लिंबू पिळा, कापराची वडी कुस्करा, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड घाला आणि रात्रभर डोक्यात मुरू द्या. डोकं आठवड्यातून एकदाच धुवा, शाम्पूला हात लावू नका. सात दिवसांत कोंडा मुळापासून जाईल. शेवटी सूचना: कोंडा झालेल्याचा कंगवा, टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर घरभर पसरेल.

पाठवणाऱ्या काकू-मावशींचा हेतू चांगलाच असतो. पण यावर विसंबून कॉलेजातली पोरं-पोरी हिवाळाभर डोकं खाजवत बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळी गडबड पहिल्याच वाक्यात आहे. त्वचा नुसती कोरडी पडली असेल तर पापुद्रे बारीक, सुटे असतात आणि हातापायांची कातडीही उलते. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर, जरा चिकट असतात. नखाने खरवडले तर नखाखाली तेलकट थर जमतो. कानामागे, भुवयांत, नाकाच्या कडेलाही तेच दिसतं, म्हणजे जिथे जिथे त्वचेच्या तेलग्रंथी जास्त, तिथे. याचं कारण मॅलसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये डोक्याच्या पापुद्र्यांत ते पाहिलं, त्यांच्यावरून हे नाव. याच्या एका मुख्य प्रकाराचा जनुकीय आराखडा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की स्वतःला लागणारी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) त्याला बनवताच येत नाहीत. ती ते आपल्या डोक्याच्या तेलातून घेतं. तेल फोडताना ओलेइक आम्ल मागे उरतं. ते ज्यांच्या त्वचेला सोसत नाही त्यांना खाज सुटते, आणि एरवी साधारण महिनाभराने गळणाऱ्या पेशी घाईघाईने गठ्ठ्याने सुटू लागतात. कोंडा बहुधा वयात येताना सुरू होतो तो यामुळेच. तेलग्रंथी तेव्हाच जोरात कामाला लागतात.

आता रात्रभर तेल मुरवण्याचं काय होईल ते सांगायला नको. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर खाद्यात ऑलिव्ह तेल घालतात. तेल लावल्यावर पापुद्रे केसांना चिकटून बसतात, खांद्यावर पडत नाहीत, आणि आपल्याला वाटतं फरक पडला. तेलाची सवय मोडवत नसेल तर न्हाण्याआधी तासभर लावा, पापुद्रे मऊ होऊन सुटतील. मग मात्र नीट धुऊन टाका.

लिंबाबद्दल नागपूरकरांनी तरी विचार करावा. लिंबाच्या रसात काही द्रव्यं अशी असतात की रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी होते आणि काळे डाग उरतात. कपाळावर ओघळलेला रस घेऊन दुपारच्या उन्हात गाडीवर निघणं म्हणजे डागांना आमंत्रण. खाजवून सोललेल्या जागेवर तो झोंबतो ते वेगळंच. सालीच्या पुडीचे खरखरीत कण त्याच जागा आणखी ओरबाडतात. कापूर लहान मुलांच्या जवळपासही नको; पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

आठवड्यातून एकदाच डोकं धुण्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. थंड, कोरड्या हवेत कोंडा आधीच वाढतो, त्यात गारठ्यामुळे आपण डोक्यावरून पाणी घेणं टाळतो आणि तेल साचत जातं. कोंडा असेल तर डोकं जास्त वेळा धुवावं. रिठा-शिकेकाई वापरा, हरकत नाही, मळ निघतो. बोअरच्या जड पाण्यात साबण मात्र नको. त्याचा पांढरट थर केसांवर बसतो आणि कोंडाच वाटतो.

नैसर्गिकच हवं असेल त्यांच्यासाठी टी ट्री तेल आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात 126 जणांवर चाचणी झाली. 5 टक्के टी ट्री तेलाच्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा 41 टक्क्यांनी कमी झाला, तेल नसलेल्या शाम्पूने 11 टक्क्यांनी. हे तेल निव्वळ लावू नका, त्वचा चिडते. त्याने भागलं नाही तर 2 टक्के किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू घ्या: आठवड्यातून दोनदा, फेस केसांना नव्हे तर टाळूला लावून पाचेक मिनिटं ठेवायचा, साधारण महिनाभर. घाईने लगेच धुऊन टाकणारेच बहुतेक वेळा "काही उपयोग झाला नाही" म्हणतात.

सात दिवसांत मुळापासून कोंडा घालवणारं औषध कुठल्याच पॅथीत नाही. हे यीस्ट टाळूवर कायमचं राहणारं आहे. कोंडा आटोक्यात आला की आठवड्या-पंधरवड्याने एकदा औषधी शाम्पू लावत राहायचा.

आणि तो कंगवा-टॉवेल. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. यीस्ट घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आधीपासूनच आहे. कोंडा कोणाकडून कोणाला लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगून तिला घाणेरडी ठरवू नका.

पसरतं ते वेगळं असतं. केसाला घट्ट चिकटलेले, फुंकरीने न हलणारे पांढरे ठिपके म्हणजे लिखा. लहान मुलाच्या डोक्यात गोल चकती होऊन केस तुटत असतील तर ते गजकर्ण, त्याला पोटातून औषध लागतं. चंदेरी जाड खपल्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आल्या असतील, कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर सोरायसिस असू शकतो; तो मात्र कोणाकडून लागत नाही. यातलं काहीही दिसलं, किंवा महिनाभर नीट शाम्पू वापरूनही खाज थांबली नाही, तर दुकानातून स्टिरॉइडचं मलम आणून लावत बसू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा, आणि जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका. डॉक्टरांना पापुद्रे दिसायला हवेत.