‘गुल्पिलिलला अभिनय येतच नव्हता’ म्हणे!

परवा मामाने घरच्या ग्रुपवर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नटाबद्दल, डेव्हिड गुल्पिलिलबद्दल, एक फॉरवर्ड टाकला. मजकूर थोडक्यात असा: गोऱ्या दिग्दर्शकाला तो जंगलात सापडला, अभिनय त्याला येत नव्हता, कॅमेऱ्यासमोर तो ‘जसा होता तसा’ उभा राहिला, एक-दोन सिनेमे केले, मग दारूत बुडाला आणि विस्मरणात गेला. ॲडलेडला शिकणाऱ्या माझ्या भाचीनेही तो पुढे पाठवला, तेव्हा मात्र राहवेना.

‘जंगलात सापडला’ हे तर सरळच खोटं. दिग्दर्शक निकोलस रोग १९७१च्या ‘वॉकअबाउट’ सिनेमासाठी मुलगा शोधत होता, तेव्हा योल्न्गू या आदिवासी समाजातला हा मुलगा आर्नहेम लँडमधल्या मानिंग्रिडा वस्तीत नर्तक म्हणून नावाजलेला होता. विधींमधल्या नाचात अंग कसं पेलायचं, बघणाऱ्यांची नजर कशी धरून ठेवायची, हे तो लहानपणापासून शिकला होता. याला तालीम नाही तर काय म्हणायचं?

मला खरी चीड आहे ती ‘जसा होता तसा’ची. आर्नहेम लँड देशाच्या पार उत्तर टोकाला. ‘स्टॉर्म बॉय’ (१९७६) घडतो दक्षिण किनाऱ्यावर, कूराँगमध्ये. ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ (२००२) पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथली माणसं वेगळी, भाषा वेगळ्या. काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या नटाने कन्याकुमारीचा मच्छीमार रंगवला तर ‘तो मुळातच तसा’ असं आपण म्हणू का? ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’मधला त्याचा मूडू सरकारी वसाहतीतून पळालेल्या मुलींचा माग काढतो, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याच वसाहतीत अडकलेली असते. संवाद जवळपास नाहीतच. मुली किती हुशारीने निसटल्या हे त्याला कळलंय आणि मनातून बरंही वाटतंय, ते फक्त डोळ्यांत दिसतं. त्याच वर्षीच्या ‘द ट्रॅकर’मध्ये तो मालकासमोर लाचार हसतो आणि आत वेगळाच हिशेब मांडत असतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

आणि ज्यांना एकच पुरावा हवाय त्यांच्यासाठी ‘चार्लीज कंट्री’. या सिनेमाची पटकथा त्याने दिग्दर्शक रॉल्फ डी हीरबरोबर स्वतः लिहिली. २०१४ साली कान महोत्सवात ‘अं सर्तां रगार’ विभागात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक त्यालाच मिळालं. त्यात तुरुंगात चार्लीचे केस आणि दाढी उतरवतात तो प्रसंग बघा. कॅमेरा चेहऱ्यावर खिळलेला, मशीन फिरत राहतं, आणि एक शब्दही न बोलता माणूस आतून कसा रिकामा होत जातो ते दिसतं. अभिनय न येणाऱ्याला हे जमेल?

दारूचं खरं आहे, मान्य. तुरुंगवासही खरा, आणि तो पत्नीला मारहाण केल्याबद्दल झाला होता, ते मला झाकायचं नाही. पण ‘मग संपला’ हे खोटं, कारण ‘चार्लीज कंट्री’ची कल्पनाच या काळातून आली.

एक-दोन सिनेमे? ‘द लास्ट वेव्ह’, ‘क्रोकोडाइल डंडी’, ‘टेन कनूज’चं निवेदन, ‘ऑस्ट्रेलिया’, टीव्हीवर ‘बोनी’ आणि २०१७ साली ‘द लेफ्टओव्हर्स’. १९८७ साली ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा राष्ट्रीय सन्मान. विस्मरणात गेला म्हणे! मार्च २०२१मध्ये त्याच्यावरचा माहितीपट ॲडलेडला पहिल्यांदा दाखवला, तेव्हा फुफ्फुसाच्या कॅन्सरने खंगलेला तो स्वतः तिथे हजर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला.